सांगणं आणि विसरणं यांच्या मधे काय आलं? गावातल्या घरासाठी सविस्तर मार्गदर्शन

घरातला म्हातारा माणूस सांगितलेलं विसरला की आमच्याकडे, वऱ्हाडात काय आणि झाडीपट्टीत काय, दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "साठी बुद्धी नाठी." दुसरं, "त्याचं ध्यानच नसते." सांगणं आणि विसरणं यांच्या मधे नेमकं काय घडलं, हे मात्र कोणी विचारत नाही. कोणी हाक मारली का? टीव्हीवर मालिका चालू होती का? सांगणाऱ्याने एका दमात तीन कामं सांगितली का?

माझं म्हणणं असं की घरात विसरण्यावर उपाय करायचा तर सुरुवात ह्या मधल्या वेळापासून करावी. मेंदूचा आजार आपल्या हाती नाही, मधला वेळ बऱ्यापैकी आपल्या हाती आहे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे, विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी आणि फवारणी करताना पंपाची मोजणी चुकणाऱ्या धडधाकट माणसांसाठीही.

आधी हे समजून घ्या

१९५९ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लॉइड आणि मार्गारेट पीटरसन या जोडप्याने एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना तीन अक्षरं सांगायची, लगेच एक मोठा आकडा द्यायचा आणि त्यातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं. काही सेकंदांनी थांबवून विचारायचं, अक्षरं कोणती होती? १८ सेकंद उलटं मोजलं की दहातल्या जेमतेम एका वेळी उत्तर बरोबर यायचं. ही तरुण, शिकणारी मुलं होती. त्यांच्या मेंदूत काही बिघाड नव्हता. मनातल्या मनात घोकायला वाव मिळाला नाही, एवढंच झालं होतं.

पुढे १९६२ मध्ये केपेल आणि अंडरवुड यांनी यात एक बारकावा शोधला. अगदी पहिल्या वेळी सांगितलेली अक्षरं १८ सेकंदांनीही बहुतेकांना आठवत होती. विसर पडायचा तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेळेपासून. आधीच्या सारख्यासारख्या गोष्टी नव्या गोष्टीत मिसळत होत्या. म्हणजे मधे येणारं काम जितकं त्रास देतं, तितकाच त्रास एकासारखी एक दिसणारी गोष्ट देते. कापूस वेचणीच्या दिवशी संध्याकाळी मोजमाप करणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पहिलं गाठोडं किती भरलं ते त्याला नीट सांगता येतं, पाचव्याचा आकडा सहाव्यात जातो. आपली तात्पुरती आठवण त्या काट्यावरच्या आकड्यासारखी आहे: पुढचं गाठोडं ठेवलं की मागचा आकडा गेला. तो वहीत उतरवला असेल तरच राहतो.

निरोगी माणसाच्या डोक्यात ही वही असते. मेंदूच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तो नव्या गोष्टी पक्क्या करतो. तो भागच गेला तर काय होतं, हे हेन्री मोलेसन या माणसामुळे जगाला कळलं. फेफरं थांबावं म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा तो भाग बराचसा काढला गेला. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. शांत बसून, आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून त्याने तो १५ मिनिटं धरून ठेवला. नंतर लक्ष दुसरीकडे गेलं आणि आकडा गेला. आपल्याला कुठला आकडा सांगितला होता, हेही त्याला आठवेना.

घरात माणूस सांभाळणाऱ्याने ह्या गोष्टीतून एक खूण घ्यावी. व्यत्यय आला की धडधाकट माणूसही विसरतो, पण थोडी आठवण करून दिली की "अरे हो!" म्हणतो. ज्याची स्मरणशक्तीच दुखावली आहे त्याच्याकडून व्यत्ययानंतर ते "अरे हो" येत नाही. तुम्ही सांगितलं होतं, हेच त्याच्या लेखी घडलेलं नसतं. म्हणून "मघाशी तर सांगितलं!" हे वाक्य त्याच्यासाठी खोटं असतं, आणि त्यावरून भांडण करण्यात काही अर्थ नसतो.

ह्या दोघांच्या मधे वय झालेली, पण आजारी नसलेली माणसं येतात. २०११ मध्ये वेस्ली क्लॅप आणि अ‍ॅडम गॅझली यांनी मेंदूचं चित्रण करून पाहिलं. मधेच दुसरं काम आलं की तरुणांचं लक्ष तिकडे जातं आणि मूळ कामावर परत येतं. वयस्कांचंही तिकडे जातं, पण मधल्या कामातून सुटून परत यायला त्यांना जड जातं. म्हणजे आबाजी वावरात जायला निघाले, वाटेत कोणी रामराम घातला, दोन गोष्टी झाल्या, आणि ते घरी परत आले, तर तो लगेच आजार समजू नये.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त पाहा आणि लिहा

पोरांच्या जुन्या वहीचं एक पान घ्या. काय विसरलं, सांगितल्यावर किती वेळाने विसरलं, मधे काय आलं, आणि आठवण करून दिल्यावर आठवलं की नाही, हे चार रकाने पाडा. रोज दोन-तीन नोंदी पुरेत. लिहिणारा एकच ठेवा, नाहीतर सून एक लिहील आणि लेक दुसरं.

आठ दिवसांनी पान वाचलं की बहुधा तिसऱ्या रकान्यात काहीतरी पुन्हा पुन्हा दिसतं. संध्याकाळची टीव्हीची वेळ असेल. नातवंडं शाळेतून येतात ती वेळ असेल. किंवा सांगणारा दारातून ओरडून सांगतो आणि निघून जातो, हे असेल. आणि तिसरा रकाना रिकामा असतानाही, शांत घरात, समोर बसून सांगितलेलं जात असेल, तर ती नोंद सगळ्यात महत्त्वाची. ती डॉक्टरांना दाखवायची.

दुसरी पायरी: तीन शब्दांची साधी पडताळणी

दवाखान्यात स्मरणशक्ती तपासताना तीन शब्द सांगतात, मधे दुसरं काहीतरी करायला लावतात आणि मग शब्द विचारतात. १९७५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या एका तपासणीत हे मधलं काम म्हणजे शंभरातून सात-सात वजा करणं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला ते जमणार नाही आणि तो उगीच आजारी ठरेल. म्हणून हरियाणातल्या बल्लभगड भागात, निरक्षर माणसांनाही चालेल अशी हिंदी आवृत्ती तयार केली गेली. घरी आपणही हे भान ठेवू.

सकाळी, चहा झाल्यावर, चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते लावून, समोरासमोर बसा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द सांगा: बंडी, हळद, डोंगर. त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या. मग एक मिनिट गप्प बसा आणि विचारा.

दुसऱ्या दिवशी दुसरे तीन शब्द घ्या: कंदील, लिंबू, विहीर. म्हणवून घ्या. आता मिनिटभर आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, शनिवार, शुक्रवार, गुरुवार असे. मग शब्द विचारा. आठवलं नाही तर इशारा द्या, "एक खायची वस्तू होती." तरीही नाही आलं तर पर्याय द्या, "कांदा, लिंबू का मिरची?"

पहिल्या दिवशी तिन्ही शब्द आठवले आणि दुसऱ्या दिवशी एखादा गेला, पण इशाऱ्याने परत आला, तर व्यत्ययाचा भाग मोठा आहे. इशाऱ्याने आला नाही, पर्यायातून ओळखता आला नाही, वर "तू मला शब्द कधी सांगितले?" असं म्हणाले, तर दवाखाना गाठायचा. ही पडताळणी निदान नव्हे. थकवा, ताप, नीट ऐकू न येणं, मनावरचं दुःख, कशानेही ती बिघडते. ती रोज करू नका, आणि पाहुण्यांसमोर तर कधीच नाही. चार लोकांत "सांगा बरं आबा, आज कोणता वार?" असं विचारून हसणं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. त्या माणसाला विसर पडला तरी अपमान कळतो.

तिसरी पायरी: घरातला आवाज आवरा

सगळे आवाज सारखे नसतात. १९७० आणि १९८०च्या दशकांत कोल, वेल्श, सालामे आणि बॅडली यांच्या प्रयोगांतून हे दिसलं: ओळीने आकडे लक्षात ठेवत असताना मागे माणसाचं बोलणं चालू असेल तर चुका वाढतात, मग ते बोलणं न कळणाऱ्या भाषेत असलं तरी. एकसुरी घरघर मात्र तेवढा त्रास देत नाही. कारण बोलण्यातला आवाज सतत बदलत राहतो, आणि मनात घोकणंही आवाजाच्याच रूपात चालतं.

आमच्या घरांना लावून पाहू. टीव्हीवरची मालिका, मोबाइलवरचे व्हिडिओ, ओसरीवरच्या गप्पा, देवळाच्या भोंग्यावरचं भजन, हे सगळं आठवणीवर घाला घालतं. "मी कुठे पाहतो, नुसतं चालू आहे," असं म्हणून भागत नाही. ऐकू येणं पुरेसं आहे.

उन्हाळ्यातला कूलर हा वेगळा विषय. त्याची घरघर एकसुरी, त्यामुळे ऐकणाऱ्याला आठवण धरून ठेवायला ती तेवढी नडत नाही. पण ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी कूलर बोलणंच खाऊन टाकतो. नीट न ऐकलेला शब्द समजून घेण्यात डोक्याची ताकद खर्च होते आणि ठेवायला काही उरत नाही. म्हणून कूलरचा पंखा चालू असताना महत्त्वाचं सांगू नका. मिनिटभर बंद करा, सांगा, पुन्हा लावा. मे महिन्यात तो दिवसभर बंद ठेवा असं कोणी म्हणणार नाही, विदर्भाच्या उन्हात ते धोक्याचं आहे.

कान तपासून घेणं इथे वेगळं सांगावंसं वाटतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली आहेत, त्यांत कमी ऐकू येणं आणि उपचार न केलेली कमी दृष्टी ही दोन्ही आहेत. मोतीबिंदू पिकायची वाट पाहत बसायचे दिवस गेले.

चौथी पायरी: सांगायची पद्धत बदला

विसरभोळ्या माणसाशी बोलताना आधी जवळ जा, नाव किंवा नातं घेऊन हाक मारा आणि नजर मिळाल्यावरच सांगा. एका वेळी एकच काम. "आबा, दोन कोंबड्या झाकून टाका, येताना सरपण आणा आणि शेजारच्या मायला सांगा की उद्या वेचणीला यायचं" या वाक्यात तीन कामं आहेत, आणि पहिलं काम हेच दुसऱ्याचा व्यत्यय आहे. कोंबड्या झाकून झाल्यावर दुसरं सांगा.

सांगून झालं की त्यांच्या तोंडून म्हणवून घ्या, परीक्षा घेतल्यासारखं नाही, सहज. "मग काय आणाल?" "सरपण." बस. आणि काम लगेच करण्याजोगं असेल तेव्हाच सांगा. "संध्याकाळी आठवणीने मोटर बंद करा" असं सकाळी सांगण्याला काही अर्थ नाही.

यापुढची गोष्ट घरोघरी दुर्लक्षित राहते. सांगून झाल्यावर माणसाला थोडं मोकळं सोडा. १९०० साली म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन संशोधकांनी मांडलं होतं की नवी गोष्ट शिकल्यावर ती पक्की व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळात दुसरं काही आलं की ती कच्ची राहते. २०१२ मध्ये मिकेला ड्यूअर आणि सहकाऱ्यांनी निरोगी वयस्कांना दोन गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर १० मिनिटं अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसू दिलं, दुसरीनंतर लगेच चित्रांतला फरक शोधायचा खेळ दिला. ७ दिवसांनी विचारलं तर शांत बसण्याआधी ऐकलेली गोष्ट जास्त आठवत होती. त्याआधी २००४ मध्ये नेल्सन कोवन, सर्जिओ डेला साला आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा होऊन स्मृती गेलेल्या रुग्णांवर असाच प्रयोग केला होता. ऐकल्यानंतरचा वेळ शांत, अंधाऱ्या खोलीत गेला तर त्यांतल्या काहींना बरंच काही आठवलं. काहींना मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल असं नाही, पण करून पाहायला खर्च नाही.

घरी हे असं करा: लेकीचा फोन आला, नात पास झाल्याची बातमी कळली, किंवा डॉक्टरांनी नवं काही सांगितलं, की लगेच टीव्ही लावू नका, जेवायला वाढू नका. दहा मिनिटं खाटेवर निवांत बसू द्या. दुपारी जेवणानंतरचा सामसूम वेळ यासाठी उत्तम.

पाचवी पायरी: धडधाकट माणसांनी कामाच्या वेळी काय करावं

आता वावरात जाऊ. फवारणीच्या पंपाची मोजणी ही डोक्यात ठेवण्याची गोष्टच नाही. पंधरा-सोळा लिटरचा पंप, प्रत्येकात औषधाचं ठरलेलं माप, आणि मधेच बांधावरून कोणी विचारतं, "तूर कशी आहे बा?" उत्तर दिलं की ह्या पंपात औषध टाकलं होतं की नाही, याचा घोळ. दुप्पट पडलं तर पऱ्हाटी करपते आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही जास्त विष येतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधा आपण पाहिल्या आहेत. त्यांची कारणं बरीच होती. तरी माप चुकण्याचा आपल्या हातातला धोका कशाला ठेवायचा?

यासाठी खडे वापरा. जितके पंप मारायचे तितके खडे सकाळीच पाण्याच्या ड्रमाजवळ रांगेत मांडा. औषध पंपात पडलं की त्याच क्षणी एक खडा ड्रमाच्या पलीकडे टाका. आधी नाही, झाकण लावल्यावर नाही, औषध पडलं की लगेच. मग कोणी कितीही बोललं तरी खडे खरं सांगतात. औषध कालवणारा एकच असावा, त्याने हातमोजे घालावेत, आणि कालवताना त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, हे सगळ्या मजुरांना आधी सांगून ठेवावं. मोबाइल डब्यात.

हाक मारली तर काय करायचं? ओ द्यायच्या आधी जागा पक्की करा. पैसे मोजत असाल तर मोजलेल्या नोटांवर बोट ठेवून आकडा मोठ्याने म्हणा, "अठरा झाले," आणि मग ओ द्या. बियाण्याच्या पिशव्या मोजताना मोजलेल्या पिशव्या दुसऱ्या बाजूला सरकवा. "एवढं होऊ दे, मग सांग" हे वाक्य उद्धटपणाचं नाही, घरातल्या लहानांनाही ते शिकवा.

ओटीपी मागणारे भामटे ह्याच कमजोरीवर जगतात. ते बोलणं थांबवत नाहीत. अनुदान अडकलं, खातं बंद होईल, लवकर करा, असा मारा चालू ठेवतात, म्हणजे "आकडा कोणाला सांगायचा नाही" हे डोक्यात वर यायला जागाच मिळत नाही. घरात एकच नियम ठेवा: फोनवर कोणी पैशांचं बोललं की फोन आधी कापायचा, विचार नंतर. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवायचं.

सहावी पायरी: गोळ्या, गॅस आणि मोटर

स्मरणशक्ती दुखावलेल्या माणसाला "गोळी घेतली का?" असं विचारणं हीच मोठी चूक. तो खरं-खोटं सांगत नाही, त्याला माहीतच नसतं. हो म्हणाला तर गोळी राहते, नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा जाते. साखरेची गोळी दोनदा गेली तर रक्तातली साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

पुड्यांची पद्धत चांगली. रविवारी घरातल्या जाणत्याने आठवड्याच्या गोळ्या काढाव्यात आणि सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या रंगाच्या कागदात पुड्या बांधून त्यांवर वार लिहावा. बाजारात मिळणारा सात कप्प्यांचा डबा असेल तर उत्तमच. ज्या गोळ्या पाकिटाबाहेर काढून ठेवायच्या नसतात त्या औषधवाल्याला विचारून घ्या, त्यांची पट्टीच कापून पुडीत टाका. रोज फक्त आजची पुडी चहाच्या कपाजवळ ठेवायची, बाकीच्या कुलुपात. गोळी घेतली की रिकामा कागद वाटीत टाकायचा. मग विचारायचं कोणालाच नाही, वाटीत पाहायचं. दोन गोळ्या दिसायला सारख्या असतील तर औषधवाल्याला सांगून त्यांतली एक दुसऱ्या कंपनीची मागा. सारखेपणा किती घात करतो ते वर आलंच आहे.

गॅस पेटवून माणूस दाराशी बोलायला गेला आणि दूध उतू जाऊन आग विझली, तर वायू घरात भरतो. ज्यांना असं एकदा जरी झालं, त्यांच्या घरी रेग्युलेटर बंद ठेवायचा आणि चहा कोणीतरी सोबत असताना करायचा. कृषिपंपाला वीज रात्रीची येते तेव्हा विसरभोळ्या माणसाला एकट्याने मोटर लावायला विहिरीवर पाठवू नका. रात्र, एकटेपणा, पाणी आणि वीज, यांत विसर पडायला जागा नाही.

सातवी पायरी: एकच उत्तर शिकवायचं असेल तर

"माझा चष्मा कुठे आहे?" हे दिवसभर विचारणाऱ्या आजीला चष्म्याची जागा शिकवता येते. सगळं शिकवता येत नाही, पण एखादी गोष्ट येते. त्यासाठी थोड्या-थोड्या वाढत्या वेळाने विचारण्याची पद्धत आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ती कॅमरून कॅम्प यांनी रुळवली.

आधी चष्म्याची जागा कायमची ठरवा, समजा खुंटीवरची पिशवी. आजीला सांगा, "चष्मा खुंटीवरच्या पिशवीत." लगेच विचारा. मग अर्ध्या मिनिटाने, मग एका, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात पावसाच्या, पोळ्याच्या गप्पा चालतात. उत्तर आलं की तिला पिशवीकडे नेऊन हात लावू द्या, म्हणजे हातालाही सवय होते. उत्तर चुकलं तर "आठवून पाहा, आठवून पाहा" असा धोशा लावू नका. बरोबर उत्तर लगेच सांगा, तिच्याकडून म्हणवून घ्या, आणि जितक्या वेळाने शेवटचं बरोबर आलं होतं तितक्यावर परत या.

अंदाजाने चुकीचं बोलू देऊ नये, यामागे कारण आहे. बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की स्मृती गेलेल्या माणसांना चुका न करता शिकवलं तर जास्त फायदा होतो. आपण एकदा चुकलो की चुकलो हे लक्षात ठेवून दुरुस्त करतो. त्यांच्या लक्षात चुकल्याची गोष्ट राहत नाही, तोंडातून गेलेलं चुकीचं उत्तर मात्र पुढच्या वेळी तोंडाशी येतं. "ओळखा बरं मी कोण?" हा खेळ म्हणूनच बंद करा. आत येतानाच सांगा, "आजी, मी थोरल्याची पोरगी."

आठवी पायरी: दवाखाना केव्हा आणि कुठे

अचानक आलेलं विसरणं आणि हळूहळू आलेलं विसरणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज भलतंच बोलू लागला, रात्रभर जागला, लक्ष एका जागी टिकेना, तर गावात म्हणतात वात झाला. ताप, लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, ऊन लागणं, नवं औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली तर १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या गावापासून रुग्णालयाचं अंतर त्यातच मोजायचं असतं.

हळूहळू वाढलेल्या विसरण्यातही काही कारणं बरी होणारी असतात, आणि म्हणूनच "वय झालं" म्हणून घरी बसणं मला पटत नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, वर्षानुवर्षांची दारू, महिन्याभरापूर्वी पडल्याने डोक्यात साचलेलं रक्त, झोपेच्या गोळ्या, झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, लघवीवरच्या काही गोळ्या. यांतलं बरंचसं तपासणीत सापडतं. घेत असलेली सगळी औषधं, झाडपाल्याची आणि दुकानातून परस्पर आणलेलीही, एका पिशवीत घालून सोबत न्या.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात तो बराच आहे. सिकलसेलच्या मुलांमध्ये बाहेरून काही न दिसता मेंदूत लहानसे झटके येऊन जाऊ शकतात, आणि मग पोरगं वर्गात लक्ष देत नाही, सांगितलेलं विसरतं, अशी तक्रार येते. त्याला मार देण्याआधी रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिथून जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग किंवा ज्येष्ठांची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून जा. पुढच्या तपासण्यांसाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं रुग्णालय, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स आहेत. घरबसल्या सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. आपल्या देशात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. तुमच्या घरची ही गोष्ट लपवण्यासारखी नाही.

तपासणीला जाताना पहिल्या पायरीतलं ते वहीचं पान घ्यायला विसरू नका. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. "आजकाल विसरतात" एवढ्यावर त्यांना काही ठरवता येत नाही. कोणती गोष्ट, किती मिनिटांनी, मधे काय आलं असताना गेली, आणि इशाऱ्याने परत आली की नाही, हे लिहिलेलं असेल तर पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो. सोबत जाणारा माणूस रोज घरात राहणारा असावा, पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेला मुलगा नको. आणि सहा महिन्यांनी तीन शब्दांची पडताळणी नव्या शब्दांनी पुन्हा करा. पहिल्या वेळचा कागद त्याच पिशवीत जपून ठेवा.